तीन बोटं कमी

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले काचवाले भावजी पडले तेव्हा त्यांच्या हातात काच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पोचेपर्यंत बातमी अशी झाली होती की ते सहा फुटी काचेसकट कोसळले. आमच्या इमारतीत बातम्यांचं खातं माझ्याकडे असतं, पण ही भर माझी नव्हती. भावजी पडले ते घरातल्या स्टुलावरून, पडद्याची दांडी बसवताना. तीस वर्षं काचेच्या दुकानात काढून ज्याच्या अंगावर सांगण्यासारखा ओरखडा नाही, तो माणूस पडद्यापायी उजवं कोपर मोडून बसला.

पडदा मी शिवलेला. मी घरी बसून पडदे नि उशांचे अभ्रे शिवून देते. तीन वर्षं मी भावजींना टोचत होते, की तुमच्या खिडकीला काच आरशासारखी आणि पडदा मात्र नावाला नाही, रस्त्यापलीकडच्या लोकांना तुमच्या ताटातले घास मोजता येतात. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, की काच झाकायचीच असेल तर माणसाने सरळ भिंत बांधावी. शेवटी ताईंनीच, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्याकडून पडदा शिवून घेतला आणि एका रविवारी नवऱ्याला स्टुलावर चढवलं.

काचेच्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की पडणारी काच सोडून द्यायची आणि मागे व्हायचं. पकडायला गेलात तर बोटं जातात. भावजींनी हे तीस वर्षं पाळलं. त्या रविवारी स्टूल कलंडलं तेव्हा हातात दांडी होती, दांडीत कोरा पडदा होता, आणि तो फरशीला लागून मळू नये म्हणून त्यांनी दांडी काही सोडली नाही. कोपराचं टोक सरळ फरशीवर आलं. पडद्याला डाग पडला नाही, एवढं मात्र ते नंतर मला आवर्जून सांगायचे.

माणूस दिसायला किरकोळ. कमरेच्या पट्ट्याला घरी खिळ्याने पाडलेली दोन जादा भोकं, चष्मा कायम कपाळावर. बाजारात त्यांना सगळे 'एकरेघ' म्हणतात. काच कापतात म्हणजे खरं तर कापत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलं. हातातल्या हत्याराला ते अजून 'हिरा' म्हणतात, पण टोकाला असतं ते शर्टाच्या बटणाहून लहान पोलादी चाक. काच टेबलावर आडवी टाकायची, पट्टी धरायची, आणि पलीकडच्या काठापासून आपल्या पोटापर्यंत हिरा एका दमात ओढायचा. रेघ उमटते. मग खालून दोन टिचक्या, की काच त्या रेघेवर सुटी होते. रेघ मध्ये थांबता कामा नये आणि हाताचा दाब कमीजास्त होता कामा नये. थांबली तर तिच्यावरून पुन्हा हिरा फिरवायची सोय नाही, काच मग आपल्या मर्जीने फुटते. दुकानात तीन कारागीर असले तरी दरवाज्याएवढी काच आली की मालक भावजींनाच हाक मारायचे. अशा काचेच्या वेळी भावजी श्वास रोखायचे. आमच्या जिन्यातले लोक चेष्टेने म्हणायचे, की एकरेघ घरी बायकोशी भांडतानाही श्वास रोखतात, म्हणून भांडण तीस सेकंदांत आटपतं.

ताई पोस्टात खिडकीवर बसतात. त्यांची ओळखही काचेतूनच झाली. पोस्टातल्या खिडक्यांच्या काचा बसवायचं काम दुकानाकडे आलं होतं, आणि बोलण्यासाठी जी अर्धगोल फट ठेवतात ती तरुण एकरेघने चार इंच खाली कापली. आलेला प्रत्येक माणूस ताईंपुढे वाकून बोलू लागला. मालकांनी काच बदलायला सांगितलं, तर ताई म्हणाल्या, राहू दे, लोक नम्र वाटतात. काच बदलली नाही, पण ती नीट बसली आहे का ते बघायला भावजी पुढचे सहा महिने येत राहिले. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी त्यांच्या घरात मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. दाराला कान लावूनही नव्हतं, हे मी खात्रीने सांगू शकते.

शस्त्रक्रिया झाली. कोपराच्या हाडात दोन सळया आणि आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली तार. डॉक्टर म्हणाले की हाड आपलं आपण जुळेल, त्याची काळजी आम्हाला नाही. काळजी आहे ती सांध्याची. कोपर हा अंगातला सगळ्यांत रुसका सांधा, महिना दीड महिना हलवला नाही तर कायमचा रुसतो. तेल चोळायचं नाही, कुणाकडून ओढून घ्यायचा नाही, भावजींनी स्वतःच हळूहळू वाकवायचा नि सरळ करायचा. त्यासाठी त्यांना एका व्यायाम शिकवणाऱ्या मुलीच्या हवाली केलं. ती दर आठवड्याला प्लास्टिकच्या दोन पट्ट्या कोपरावर ठेवून हात किती अंशांत उघडतो ते मोजायची, म्हणून मी तिचं नाव 'कोनवाली' ठेवलं. नाव इतकं बसलं की ताईसुद्धा तोंडावर 'मॅडम' आणि घरी 'कोनवाली' म्हणू लागल्या.

कोनवालीने एक छापील तक्ता दिला. चार व्यायाम, प्रत्येक दहा वेळा, दिवसातून पाच फेऱ्या. फेरी झाली की चौकोनात टिक करायची. तिने तीनतीनदा सांगितलं, दुखेल, पण दुखलं म्हणजे तार तुटली असं समजू नका. भावजी मान डोलावत होते. ताईंनी विचारलं, की हे पुन्हा काच कापतील ना? कोनवाली म्हणाली, या सहा आठवड्यांवर आहे.

ताईंची रजा पंधरा दिवसांत संपली. सकाळी साडेआठला पायऱ्या उतरताना त्यांनी मला दारातच गाठलं आणि तक्ता माझ्या हातात दिला. मधल्या तीन फेऱ्या माझ्यासमोर करून घ्यायच्या, असं त्यांनी विनवलं. म्हणाल्या, "वहिनी, माझं हे ऐकत नाहीत. तुमच्या जिभेला घाबरतात."

माझ्या जिभेला हाड नाही, त्यामुळे हाडांमधलं मला काय कळणार होतं. पण कुणी विश्वासाने काम सोपवलं की माझी मान ताठ होते. अकरा वाजता मी चहाचे दोन कप घेऊन समोर गेले आणि मास्तरीण होऊन खुर्चीत बसले.

पहिल्या दिवशी भावजींनी खरंच प्रयत्न केला. झोळीतून हात काढला, टेबलावर ठेवला आणि सरळ करायला लागले. हात काटकोनातून इंचभर उघडला असेल नसेल, तोवर त्यांच्या ओठांचा रंग गेला, कपाळावर घाम आला आणि आतून बारीक 'कट्' असा आवाज आला. तो आवाज निरुपद्रवी असतो, असं कोनवालीने पुढे कितीदा सांगितलं. पण भावजींनी आयुष्यभर असा आवाज एकाच गोष्टीचा ऐकला होता. त्यांनी हात पुन्हा झोळीत घातला आणि डाव्या हाताने झोळी घट्ट धरून बसले.

त्या दिवशी त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं. काचेला तडा गेला तर त्यावर चिकटपट्टी लावतात आणि काच जिथे आहे तिथे राहू देतात. हलवली की तडा पुढे पळतो. कधी दिसत नाही, पण रोज केसभर पळतो. डॉक्टर शिकलेले आहेत, कोनवाली गुणी आहे, पण दोघांनीही कधी तडा गेलेली काच उचललेली नाही. हाड काचेहून वेगळं असतं हे मलाही ठाऊक होतं. तरी घाम पुसत बसलेल्या माणसाला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलंही. ऐकायला फार छान होतं.

मग तक्त्याचं काय करायचं, हा प्रश्न आला. रिकामा चौकोन ताईंना दिसला असता. मी पेन काढलं आणि टिक केली. "आज शाळेचा पहिला दिवस, प्रवेश फी माफ," मी म्हणाले. भावजी हसले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणून मला वाटलं की मी मोठंच पुण्यकर्म केलं.

दुसऱ्या दिवशीपासून तो आमचा खेळ झाला. अकराला, दोनला नि साडेचारला मी जायची. थोडा वेळ हात हलवल्यासारखं व्हायचं, म्हणजे बोटं मिटायची नि उघडायची, जी मोडलेली नव्हतीच. मग चहा. मग पहिल्या मजल्यावरच्या जावयाची नवी नोकरी, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचे दात, माझ्या घरच्यांचं घोरणं. मी सगळ्यांच्या नकला करायची आणि भावजी झोळीतला हात सांभाळत हसायचे. ते मला 'रेडिओ' म्हणायचे. साडेचारची फेरी संपली की म्हणायचे, आता बातम्या संपल्या, टिक करा. मी तीन वेगवेगळी पेनं वापरायची, म्हणजे टिका एकदम केल्यासारख्या दिसू नयेत. दर चार दिवसांनी एक चौकोन मुद्दाम रिकामा ठेवायची, म्हणजे तक्ता खरा वाटेल. त्या रिकाम्या चौकोनावरून ताई नवऱ्याला प्रेमाने रागवायच्या, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसायचो. सकाळची आणि रात्रीची फेरी ताईंसमोर असायची. तिथे भावजी इतके विव्हळायचे की ताईंच्याच डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या म्हणायच्या, राहू द्या, दिवसभरात तीन झाल्यात ना.

कोनवालीने तक्ता पाहून शाबासकी दिली. असा तक्ता मी आजवर पाहिला नाही, म्हणाली. मग पट्ट्या लावल्या, काढल्या आणि पुन्हा लावून मोजलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. तक्ता भरलेला आणि हात जिथल्या तिथे. तिने व्यायाम बदलले, शेक द्यायला सांगितलं, दोनदा स्वतः समोर बसवून करून घेतलं. तेवढ्यापुरता हात थोडा उघडायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा मिटलेला असायचा. सहावा आठवडा भरला तेव्हा हात सरळ व्हायला पासष्ट अंश कमी पडत होता. डॉक्टरांनी नवा फोटो काढला. हाड सुरेख जुळलं होतं, तारेला काही झालं नव्हतं, तडा म्हणून कुठे उरलाच नव्हता. डॉक्टर ताईंना म्हणाले की इतका व्यायाम करूनही उघडत नसेल तर काही माणसांचे सांधेच तसे असतात. पुढे वर्षभराने शस्त्रक्रिया करून मोकळा करता येतो, खात्री मात्र देता येत नाही.

काही माणसांचे सांधेच तसे असतात, हे वाक्य ताईंनी घरी आणलं आणि ते त्यांना गिळता येईना. त्यांनी दोष शोधायला सुरुवात केली. आधी स्वतःला लावला, की मीच स्टुलावर चढवलं. मग तो कोनवालीच्या वाट्याला आला. पुढच्या भेटीला ताईंनी चार रोग्यांसमोर तिला झापलं. ज्या बाईचा आवाज दाराबाहेर कधी आला नाही, ती तिथे ओरडली, की माझा माणूस दिवसातून पाच-पाचदा मरणाच्या वेदना सोसतोय, हा बघा तक्ता, आणि तुम्हाला नुसता कोन मोजता येतो. ती मुलगी खाली बघत राहिली. ताईंनी तिच्याकडे जाणंच बंद केलं. दुसरं कुणी शोधण्यात तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत तर टिकासुद्धा नव्हत्या.

हे सगळं मला भावजींनीच सांगितलं, अकराच्या चहाला. मी नक्कल करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मी म्हटलं, आपण ताईंना सांगून टाकू. भावजी खिडकीकडे बघत बसले. पडदा सरकवलेला होता.

"तुम्ही टिका केल्यात, मी मान डोलावली," ते म्हणाले. "ती चोवीस वर्षं माझं सगळं खरं मानत आलीय, वहिनी. हात गेला तर गेला. हे जाऊ नये."

मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात मी फार कमी वेळा गप्प राहिले आहे, आणि नेमकी ती वेळ चुकीची निवडली. दहा दिवस मी गप्प राहिले. त्या दहा दिवसांत शिवलेल्या एका पडद्याच्या कडा मला दोनदा उसवाव्या लागल्या.

अकराव्या दिवशी ताई सुट्टीच्या सकाळी माझ्याकडे आल्या, एक कागद घेऊन. पोस्टात बसून त्यांचं अक्षर मोत्यासारखं झालंय. कोनवालीविरुद्ध तक्रार होती, दवाखान्याच्या प्रमुखांना द्यायची. मला वाचून बघायला सांगितलं, कारण मी साक्षीदार होते. खाली लिहिलं होतं, की शेजारच्या वहिनींनी रोज समक्ष व्यायाम करून घेतला आहे, आणि माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

मी आमच्या यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चहा टाकायला सांगितलं, म्हणजे ते स्वयंपाकघरात जातील. मग ताईंना सांगितलं. सुरुवातीला मी गंमत म्हणून सांगायला गेले, सवयच ती. प्रवेश फीपासून सुरुवात केली. दोन वाक्यांतच माझा मलाच आवाज ऐकवेना. उरलेलं सरळ सांगितलं, तीन पेनांसकट.

संपल्यावर ताईंनी कागद माझ्या हातातून घेतला, त्याची नीट घडी केली. विचारलं, "रिकामे चौकोन पण तुम्हीच ठेवायचात?"

मी हो म्हटलं.

"त्या चौकोनांवरून मी यांना बोलायचे," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या. आतून यांनी तीन कप चहा आणला तेव्हा मी एकटीच होते.

त्या दिवशी समोरच्या दारातून आवाज आला का, असं मला नंतर जिन्यात दोघांनी विचारलं. आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

ताई दुसऱ्याच दिवशी कोनवालीकडे गेल्या. तिला काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. भावजी एवढंच म्हणाले, की ताईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि दार लोटून घेतलं. कोनवालीने त्यांना परत घेतलं. यावेळी तक्ता दिला नाही. रोज संध्याकाळी पोस्टातून सुटल्यावर ताई त्यांना तिच्यासमोर नेऊन बसवत. मी दुपारी समोर जाणं बंद केलं, म्हणजे दार बंदच असायचं. बंद दारामागून कण्हण्याचा आवाज यायचा. भावजी आता खरोखर करत होते, एकटेच, घड्याळ लावून. पासष्टाचे साठ झाले, साठाचे चोपन्न. चौथ्या महिन्याच्या शेवटी पंचेचाळीसला येऊन हात थांबला. कोनवालीने आणखी महिनाभर रेटून बघितलं, तो हलला नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करायची का म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर भावजींनी नको म्हणून सांगितलं. ताईंनी आग्रह केला नाही.

दुकानाच्या मालकांनी इतके महिने एक काम अडवून ठेवलं होतं. एका वाचनालयाच्या दरवाज्याची काच, जाड आणि महाग. मालकांचं म्हणणं, एकरेघच्या हाताची वाट बघू. सहाव्या महिन्यात त्यांचा निरोप आला की वाचनालयवाले आता थांबायला तयार नाहीत. जिना उतरताना भावजींनी माझं दार वाजवलं. म्हणाले, चला वहिनी, इतकं बघितलंत तर हेही बघा. ताई दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही.

दुकान रस्त्याला लागून, आत लांबट. भिंतीला काचा उभ्या लावलेल्या, मध्ये जाड लोकरी बनातीत गुंडाळलेलं टेबल. काच आडवी टाकलेली होती. ज्यांना बारा महिने गळ्यात मफलर लागतो म्हणून सगळे 'मफलर' म्हणतात, ते दुसरे कारागीर पट्टी धरून उभे होते. भावजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. हिरा रॉकेलच्या डबीत बुडवला, फडक्याला पुसला, आणि टेबलावर वाकून पलीकडच्या काठाकडे हात लांबवला.

हात पोचला नाही. फार नाही, तीन बोटं राहिली. पंचेचाळीस अंश म्हणजे टेबलावर तीन बोटं, हे मला तेव्हा कळलं.

ते चवड्यांवर उभे राहिले. पोट टेबलाच्या कडेवर दाबलं, खांदा पुढे काढला, आणि हिरा काठाला टेकला. पण चवड्यांवर उभ्या माणसाच्या हातात वजन येत नाही. हिरा काचेवर नुसता ठेवल्यासारखा होता. त्यांनी श्वास रोखला. मफलर म्हणाले, "एकरेघ, टेबल फिरवू का? निम्मी इकडून, निम्मी तिकडून घेऊ."

सगळ्यांना माहीत होतं की तशी रेघ घेत नाहीत.

भावजी तसेच उभे होते, मला वाटलं की आता ओढतील, ओढून बघतील निदान. मालकांनी डोळे मिटून घेतले होते. भावजींनी श्वास सोडला. टाचा जमिनीला टेकवल्या. काच कोरीच होती. हिरा त्यांनी मफलरांच्या पुढे धरला आणि पट्टी स्वतःच्या डाव्या हातात घेतली. मफलरांनी एकदा मालकांकडे पाहिलं, मग वाकले. त्यांची रेघ चांगली आली. शेवटच्या वीतभर अंतरात थोडी जाड झाली, पण काच सुटली. भावजी म्हणाले, छान. नंतर सुटलेला तुकडा त्यांनीच उचलून भिंतीला लावला, डाव्या हाताने.

मालक भला माणूस. समोरच्या खिडकीपाशी तसबिरींच्या चौकटींचं लहान टेबल आहे, तिथे बसा म्हणाले. तिथल्या काचा वीतभराच्या असतात, कोपर सरळ करावं लागत नाही. भावजींनी त्या टेबलाकडे पाहिलं, खुर्चीची उंची विचारली, आणि उद्यापासून येतो म्हणाले.

परतताना भावजी पुढे चालत होते, उजवा हात अंगापासून थोडा दूर, काहीतरी बगलेत धरल्यासारखा. आम्ही दोघी मागे. अर्ध्या रस्त्यात मी न राहवून म्हटलं, ताई, निदान काम तरी सुटलं नाही.

ताई चालता चालता म्हणाल्या, "मला समजूत नका घालू, वहिनी. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. त्यांनाही नाही. पण त्यांच्याबरोबर मला राहायचंय."

पुढे भावजी भाजीच्या गाडीपाशी थांबले होते. त्यांनी डाव्या हातात पिशवी धरली होती आणि उजव्या हाताने खिशातून सुटे पैसे काढायचा प्रयत्न चालला होता. हात खिशाच्या तोंडापर्यंत जात होता, पण तळाशी पोचायला कोपर पुरेसं सरळ होत नव्हतं. भाजीवाली म्हणाली, राहू द्या काका, उद्या द्या. ते म्हणाले, नाही, थांबा, निघतात. ताई आपली पर्स न उघडता त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मीही थांबले. भाजीवालीने दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोजून दिलं, तिसऱ्याला दिलं. भावजी खांदा वळवत होते, एका बाजूला झुकत होते, आणि आम्ही तिघी वाट बघत होतो.